कानीं पडलें, पण कळलें का?

गेल्या वैशाखांत आमच्या नात्यांतील एका मुलाची मुंज परगांवीं होती. आदल्या रात्रीं पुतण्यानें दारांत उभें राहूनच सर्वांना बजावलें, "सकाळीं सातला गाडी येईल. तयार असा." सकाळीं सातला गाडी आली, मंडळी बाहेर पडलीं, आणि पाहतों तों आमचे वडील बंधु, ज्यांना घरांत लहानथोर सारेच 'दादा' म्हणतात, सोंवळें नेसून स्वस्थपणें पूजेला बसलेले! त्यांच्या हिशेबीं गाडी आठला यावयाची होती. व्हावयाचें तें झालें. आम्हीं मांडवांत पाऊल टाकलें तेव्हां मंगलाष्टकें संपून गेलीं होतीं. परततांना गाडींत जें बोलणें झालें त्याचा मथितार्थ इतकाच, कीं दादांचें हल्लीं कशांत लक्षच नसतें. कोणी वयावर बोट ठेवलें, कोणी त्याहून बोंचक शब्द वापरला. दादा खिडकीबाहेर पाहत होते. त्यांना तें कळलें कीं नाहीं, हें मला त्या वेळीं सांगतां आलें नसतें.

मीही त्याच मताचा होतों, हें आरंभींच कबूल केलेलें बरें. दादांचे कान बिघडले असतील ही शंका कोणासच आली नाहीं. कारण त्यांना ऐकूं येत होतें! दाराची कडी वाजली कीं पहिला प्रश्न त्यांचाच, "कोण आहे?" माजघरांत तान्हें पोर कुरकुरलें तरी त्यांस कळे. नात तंबोरा लावूं लागली आणि खर्जाची तार किंचित् उतरली, तर ते ओटीवरून सांगत. अशा माणसाला बहिरा कसें म्हणावें? शिवाय त्यांच्याशीं हळू बोलावें तर ते "काय?" म्हणत, आणि तेंच मोठ्यानें सांगावें तर कपाळास आठी घालून विचारीत, "ओरडतोस कशाला? मी काय बहिरा आहें?" तेव्हां सगळा दोष स्वभावाच्या माथीं गेला. मागच्या भाद्रपदांत गौरी जेवणाच्या दिवशीं वहिनींनीं स्वयंपाकघरांतून सांगितलें, "अहो, एक पाट द्या हो इकडे." दादा ताट घेऊन गेले. पंक्तीला बसलेलीं मुलें खो खो हंसलीं. दादाही हंसले. पण त्यानंतर ते पंक्तीला बसेनात. "मला मागाहून वाढा" म्हणूं लागले. सायंकाळीं ओटीवर आमची जी बैठक होई तींतूनही ते हळूहळू नाहींसे झाले. हें सर्व आम्हीं पाहिलें, आणि त्याचा अर्थ मात्र लाविला नाहीं.

शेवटीं हट्ट धरला तो सूनबाईनें. "काका, मामंजींचे कान एकदां तपासून तरी आणूं," असें ती मला म्हणाली, आणि दादांना घेऊन जाण्याचें काम माझ्याकडे आलें.

परीक्षेची जागा म्हणजे बाहेरचा आवाज आंत येऊं नये अशी बांधलेली लहानशी खोली. आंत बसवून कानांवर हेडफोन चढवितात व हातीं एक बटन देतात. मग एकेका कानांत एकेक निर्भेळ नाद सोडतात. सेकंदास २५० कंपांच्या खर्जापासून ८००० कंपांच्या तीव्र शिटीपर्यंत ठराविक पायऱ्या असतात, आणि प्रत्येक पायरीवर नाद इतका क्षीण करीत नेतात कीं तो जेमतेम ऐकूं यावा. ऐकूं आला कीं बटन दाबावयाचें. ही क्षीणता डेसिबलमध्यें मोजतात. हें नांव टेलिफोनवाल्या बेलवरून आलें. त्याची आई व पत्नी या दोघींनाही ऐकूं येत नसे, आणि तो स्वतः बधिर मुलांचा शिक्षक होता, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. डेसिबलचें शून्य म्हणजे निःशब्दता नव्हे. निरोगी तरुण माणसांना सरासरीनें जो नाद जेमतेम ऐकूं येतो तें शून्य. उजव्या कानाच्या खुणा तांबड्या वर्तुळांनीं व डाव्याच्या निळ्या फुल्यांनीं करितात. नाद जितका मोठा करावा लागेल तितकी खूण कागदावर खालीं जाते.

दादांच्या कागदावर खर्जाच्या बाजूची रेघ जवळजवळ निरोगी माणसाची होती. १००० कंपांपर्यंत तक्रारीस जागा नव्हती. २००० ला उतार लागला, आणि ४००० ला ती रेघ घाट उतरल्याप्रमाणें ७० डेसिबलपर्यंत खालीं गेली. दोन्ही कानांची तीच तऱ्हा. परीक्षा घेणाऱ्या बाईंनीं कागद माझ्यापुढें ठेवून सांगितलें, कीं उतारवयांत होणारा हा नेहमींचाच प्रकार आहे. आंतल्या कानांत शंखासारखी वेटोळी नळी असते. तींत सुमारें पंधरा हजार सूक्ष्म केसाळ पेशी असतात. तीव्र नाद ओळखणारा भाग नळीच्या तोंडाशीं व खर्जाचा अगदीं आंत, टोंकाला. हें नाद कसा वाहतो याचें संशोधन बेकेशी नांवाच्या शास्त्रज्ञानें केलें व त्यास १९६१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. वयाबरोबर पडझड होते ती बहुधा तोंडाकडून. माणसांत या पेशी एकदां गेल्या कीं पुन्हां उगवत नाहींत.

मीं विचारलें, "पण बाई, माणूस कांहीं ४००० कंपांवर बोलत नाहीं. पुरुषाचा आवाज शंभरदीडशें कंपांचा. मग दादांचें अडलें कोठें?" त्या हंसल्या व म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही मुलांना स्वर आणि व्यंजन शिकविलेत ना?"

चाळीस वर्षें शिकविलें होतें. स्वर स्वतःच्या तेजानें शोभतात आणि व्यंजन त्यांच्या मागून चालतें, असा अर्थ महाभाष्यकारांनीं दिला आहे, तोही वर्गांत सांगितला होता. परंतु तो कानास लावून पाहण्याचें मनांत कधीं आलें नाहीं. स्वर म्हणजे घशांतील नादाला मुखाच्या पोकळीनें दिलेला आकार. तो दीर्घकाळ टिकतो, जोरकस असतो, आणि त्याचें बळ बहुतेक खालच्या कंपांत असतें. व्यंजनाचें तसें नाहीं. 'स' उच्चारून पाहा. त्यांत नाद मुळींच नाहीं, दांतांशीं घासणारी हवा मात्र आहे, आणि तिचा मुख्य जोर ४००० कंपांच्या वर असतो. 'श' त्याहून किंचित् खालीं. 'क', 'त', 'प' हे तर क्षणार्धाचे स्फोट. बलिष्ठ स्वर आणि क्षीण व्यंजन यांच्या शक्तींत शेंकडों पटींचें अंतर पडतें. आणि गंमत अशी, कीं आवाजाचा भार स्वरावर असला तरी अर्थाचा भार व्यंजनावर असतो. 'प-ट-व-र ब-स' एवढ्यावरून 'पाटावर बसा' हें ताडतां येतें. 'आ-आ-अ अ-आ' एवढ्यावरून काय ताडणार?

आतां मुंजीच्या आदल्या रात्रीकडे वळूं. 'सातला' या शब्दांतील 'स' दादांच्या कानीं पडलाच नाहीं. 'आ' खणखणीत पडला. पुढचा 'त' अर्धवट. गाडीची वेळ सांगताहेत हें त्यांना कळलें होतें. तेव्हां 'आ'नें सुरू होणारा आंकडा कोणता, तर आठ. दादांचें लक्ष नव्हतें असें नाहीं. उलट इतकें लक्ष होतें, कीं उरलेल्या तुकड्यांतून त्यांनीं एक धड शब्द सांधला. तो चुकीचा सांधला गेला, एवढाच त्यांचा अपराध. सबंध दिवस असें सांधकाम करणाऱ्या माणसाला संध्याकाळची बैठक नकोशी झाली, तर त्यांत आश्चर्य तें काय?

मन असें तुकडे जोडतें ही गोष्ट शास्त्रज्ञांस टेलिफोनमुळें नीट उमगली. तारेंतून आवाजाचा किती भाग नेला म्हणजे बोलणें कळेल, हा कंपनीपुढील पैशाचा प्रश्न होता. अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत हार्वे फ्लेचर यानें त्याचा अभ्यास केला. 'स्पीच अँड हिअरिंग' हा त्याचा ग्रंथ १९२९ मध्यें निघाला. ऐकणारांस त्यांनीं मुद्दाम निरर्थक अक्षरें ऐकविलीं. कारण अर्थाचा शब्द दिला तर मनुष्य अर्धा ऐकतो व अर्धा तर्कानें भरतो, आणि मग परीक्षा कानाची कीं बुद्धीची हें कळेनासें होतें. पुढें टेलिफोनवरून ३०० पासून ३४०० कंपांपर्यंतचाच पट्टा नेण्याची रीत रूढ झाली. 'स'चा बराचसा भाग त्याच्या बाहेर पडतो. म्हणूनच अनोळखी आडनांव फोनवर सांगतांना 'सदाशिवांतला स' म्हणावें लागे. कान शाबूत असलेल्या आपणां सर्वांस फोनवर जें घडे, तेंच दादांस समोरासमोर घडत होतें.

परंतु मला खरें चकित केलें तें १९५५ च्या एका प्रयोगानें. मिलर व नाइसली या दोघांनीं इंग्रजींतील सोळा व्यंजनें 'आ' जोडून, म्हणजे पा, ता, का अशा रीतीनें, गोंगाटांत बोलून दाखविलीं आणि ऐकणारांनीं काय ऐकलें याची नोंद ठेविली. चुका सरमिसळ झाल्या नाहींत. त्यांस एक शिस्त होती. घोष कीं अघोष, अनुनासिक कीं नाहीं, हें गोंगाटांतही टिकून राहिलें. बुडालें तें स्थान. 'प'चा 'त' झाला, 'त'चा 'क' झाला, 'ब'चा 'द' झाला, 'म'चा 'न' झाला. पण 'प'चा 'म' सहसा झाला नाहीं. वाचकांनीं आपली वर्णमाला डोळ्यांपुढें आणावी. क ख ग घ ङ ही आडवी ओळ एका स्थानाची. क च ट त प ही उभी ओळ एका प्रयत्नाची. गोंगाटांत कान चुकतो तो बहुधा उभ्या ओळींत. कारण स्थानाची खूण वरच्या कंपांत, आणि घोषाची व अनुनासिकाची खालच्या. ज्यांनीं बोलणाऱ्याचें मुख तपासून ही मांडणी केली, त्यांनीं न कळत ऐकणाऱ्याच्या चुकांचाही नकाशा काढून ठेविला होता! पाट आणि ताट यांत फरक कशाचा? एका स्थानाचा.

हें वाचलें त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं, आणि त्याचें कारण दादा नव्हते.

मी नोकरीला लागलों त्यानंतर तीनचार वर्षांतील गोष्ट. माझ्या सातवींच्या वर्गांत एक मुलगा होता. गणित उत्तम, हस्ताक्षर मोत्यासारखें. पण श्रुतलेखनांत तो हटकून नापास. वाचून लिहावयास दिलें तर एक चूक नाहीं. मीं सांगितलेलें लिहितांना मात्र शब्दांचें खोबरें. मी पुस्तक तोंडापुढें धरून, वर्गांत येरझारा घालीत, मागें कोण बसलें आहे याची पर्वा न करितां श्रुतलेखन घालीत असें. माझे गुरुजीही तसेंच घालीत. एकदां 'कंटक' या शब्दाऐवजीं त्यानें 'कंटप' लिहिलें. मीं तें सर्व वर्गास मोठ्यानें वाचून दाखविलें, आणि तेव्हांपासून त्याला 'कंटप' अशी हांक मारूं लागलों. मुलांना तेवढेंच हवें होतें. शाळा सोडीपर्यंत त्याचें तेंच नांव राहिलें. दुसऱ्या एका वहींत त्यानें 'निबिड'चें 'निदिड' केलें होतें, तेंही मला स्वच्छ आठवतें. क आणि प, ब आणि द. दोन्ही चुका उभ्या ओळींतल्या. आळशी मुलाची चूक अशी शिस्तीची नसते. त्याच्या कानांत नेहमीं कापूस असे. कान वाहतो म्हणून आई घालते असें तो सांगे. वाहत्या कानावर औषध आहे, वेळीं उपाय केल्यास ऐकणें बहुधा सुधारतें, हें मला आज ठाऊक आहे. त्या वेळीं माझ्यापुढें पुरावा रोज वहींत लिहून येत होता, आणि मी त्यावर तांबड्या शाईनें फुल्या मारीत होतों.

एक गोष्ट अधिक. माझ्या तोंडापुढचें पुस्तक मीं खालीं धरलें असतें, तर त्या मुलाचें निम्में काम झालें असतें. कारण गोंगाटांत कानाला जें हरवतें, तें स्थान डोळ्याला दिसतें. 'प' म्हणतांना ओंठ मिटतात, 'त' म्हणतांना मिटत नाहींत. मॅगर्क व मॅक्डोनल्ड यांनीं १९७६ मध्यें दाखविलें, कीं आवाज 'ब'चा व पडद्यावरील तोंड 'ग' म्हणणारें असें एकत्र केलें, तर पाहणाऱ्यास बहुधा 'द' ऐकूं येतो. डोळे मिटले कीं पुन्हां 'ब'! आपण सर्वच थोडेंबहुत डोळ्यांनीं ऐकतों. वहिनी स्वयंपाकघरांतून बोलल्या आणि पुतण्या अंधाऱ्या दारांतून, तेथेंच दादांचा घात झाला.

दादांच्या परीक्षेचा दुसरा भाग शब्दांचा होता, आणि माझ्या मतें खरी परीक्षा तीच. शिटी ऐकूं येते कीं नाहीं हें पहिल्या भागानें कळतें. अक्षर ओळखूं येतें कीं नाहीं, हें त्यानें निश्चित कळत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कान गमावून परतलेल्या सैनिकांवर उपचार करतांना अमेरिकेंत रेमंड कारहार्ट प्रभृतींनीं ही शब्दपरीक्षा रूढ केली. प्रथम दोन सारख्याच वजनाच्या अक्षरांचे शब्द देतात. इंग्रजींत त्यांस 'स्पॉन्डी' म्हणतात. हा ग्रीक छंदःशास्त्रांतील शब्द असून त्याचा अर्थ दोन गुरु. आपल्या वृत्तांतला गा-गा! निम्मे शब्द बरोबर म्हणतां येतील इतका आवाज ठरला, कीं मग सोयीच्या उंच आवाजांत सुटे शब्द देतात व शेंकडा किती बरोबर आले तें मोजतात. दादांना निवांत खोलींत उजव्या कानानें शेंकडा ७२ आले. त्यांतच मागें गोंगाट लावला तेव्हां निम्मेही आले नाहींत. घरांत निवांत खोली कोठून आणावयाची?

हे शब्द ऐकणाऱ्याच्या भाषेंतलेच असावे लागतात. इंग्रजीसाठीं केलेल्या यादींत त-ट, द-ड, न-ण, ल-ळ हे भेद येणारच कसे? 'जग' म्हणजे विश्व आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांतील 'ज'चा भेद तर आपल्या मराठीचाच. आणि कान निरोगी असला म्हणजे प्रत्येक अक्षर ओळखतां येतें असेंही नव्हे. कॅनडांतील वर्कर व टीस यांनीं १९८४ मध्यें प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा, कीं इंग्रजी घरांतील सहाआठ महिन्यांचीं मुलें हिंदींतील 'त' व 'ट' वेगळे ओळखतात. वर्षाचीं होईपर्यंत तीं बहुतेक विसरतात. ज्या भेदाची घरांत गरज नाहीं, तो मन टाकून देतें. म्हणून तान्ह्या मुलाचे कान जन्मतांच तपासण्याची जी पद्धत आतां सुरू झाली आहे, तिला कोणी फॅशन म्हणूं नये. पहिलें वर्ष हेंच वर्णमाला ऐकण्याचें.

याच्या उलटही प्रकार आहे. आलेख स्वच्छ, तरी लग्नाच्या गर्दींत बोलणें कळत नाहीं अशीं माणसें असतात. २००९ मध्यें कुजावा व लिबरमन यांनीं उंदरांत दाखविलें, कीं मोठ्या आवाजानंतर ऐकण्याची मर्यादा पूर्ववत् झाली तरी पेशी व मज्जातंतु यांचे सांधे कायमचे तुटलेले असतात. माणसांत हें कितपत घडतें याचा शोध चालू आहे. तोंवर अशा माणसाला 'तुला कांहीं झालेलें नाहीं' असें सांगून घरीं पाठवूं नये, इतकें तरी खरें.

ओरडण्याबद्दल बाईंनीं जें सांगितलें तें सर्व घरांस उपयोगी पडेल. ओरडल्यानें फुगतो तो स्वर; व्यंजन मागेंच राहतें, आणि तोंडाचा आकार बिघडून ओंठही वाचतां येत नाहींत. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकूं येत नाहीं आणि मोठा मात्र इतरांइतकाच मोठा लागतो. मधली जागाच उरत नाहीं. "ओरडतोस कशाला?" हें दादांचें म्हणणें तक्रार नव्हती, रोगाचें अचूक वर्णन होतें. समोर यावें, तोंडावर उजेड असावा, प्रथम हांक मारून लक्ष वेधावें, मग नेहमींच्याच आवाजांत थोडें सावकाश बोलावें. न कळल्यास तोच शब्द तिसऱ्यांदां न आदळतां वेगळ्या शब्दांत सांगावें. 'सातला' न कळल्यास 'सूर्य उगवल्यावर लगेच' म्हणावें.

आतां दादांस यंत्र मिळालें आहे. तें खर्ज तसाच ठेवून वरचे नाद वाढवितें. चष्म्यानें अक्षर लख्ख दिसतें तसें त्यानें ऐकूं येत नाहीं, ही निराशा पहिल्या महिन्यांत झाली; गेलेल्या पेशी यंत्र परत आणीत नाहीं, आणि मनालाही नव्या 'स'ची संवय व्हावी लागते. यंत्र नीट चालतें कीं नाहीं हें पाहण्यास डॅनियल लिंग या बधिरांच्या शिक्षकानें सहा ध्वनि नेमून दिले आहेत: म, आ, ऊ, ई, श, स. खर्जापासून तीव्रापर्यंत बोलण्याचा सगळा पट्टा त्यांत येतो. रोज सकाळीं चहाच्या वेळीं सूनबाई दादांच्या मागें उभी राहून ते म्हणते, आणि दादा ऐकल्याप्रमाणें म्हणून दाखवितात. यंत्राशिवाय 'ई'पर्यंत गाडी येते, 'श'ला अडखळते, 'स'ला खोलींत शांतता. यंत्र घातलें कीं सहाही.

परवां धाकटी नात तिच्या जागीं उभी राहिली व तिनें आपल्या मनाचा सातवा ध्वनि घातला: "पाट!" दादा वळून पाहूं लागले तशी तिनें तोंडावर हात धरला. दादा क्षणभर थांबले. "प," ते म्हणाले, "पण हात काढ, म्हणजे नक्की सांगतों."